पासावरची मुलगी

मित्रांनो, माझ्यावर बसणारा माणूस माझ्याकडे कधी बघत नाही. त्याचं सगळं लक्ष समोरच्या कॅमेऱ्यात असतं. बसण्याआधी हाताने एकदा चाचपून घेतात, तेवढीच काय ती आमची ओळख. तेव्हा माझी हकीकत दुसरं कुणी सांगेल म्हणून वाट बघण्यात अर्थ नाही. मी फोटोच्या दुकानातली तिपाई. गोल, फिरती आणि आता बरीच जुनी. लोक मला स्टूल म्हणतात. म्हणोत बापडे. मला पाय तीन आहेत, म्हणजे मी तिपाईच.

तीन पायांचं एक बरं असतं. जमीन कितीही वाकडीतिकडी असो, तीन पायांचं आसन डुगडुगत नाही. चार पायांच्या खुर्च्या जन्मभर एका पायाखाली कागदाची घडी घेऊन उभ्या असतात आणि तरी स्वतःला माझ्याहून मोठ्या समजतात. मी काही बोलत नाही. बघून ठेवते.

मला एका सुताराने घडवलं. आमच्या फोटोवाल्या काकांचे वडील, ज्यांना दुकानात सगळे थोरले म्हणत, ते माझी मागणी घेऊन त्याच्याकडे गेले होते. सुतार रंधा खाली ठेवून म्हणाला, "बसायचं लाकूड स्थिर असावं. फिरतं कशाला हवंय? गिऱ्हाइकाला चक्कर आणायची आहे का?"

"अहो, माणसं उंच येतात, बुटकी येतात. कॅमेरा एकाच उंचीवर. कुणाला तरी वरखाली व्हायला लागणारच."

"मग कॅमेरा करा वरखाली."

"त्याला हात लावायची मला भीती वाटते," थोरले म्हणाले.

सुताराला हे उत्तर पटलं असावं. त्याने तीन पाय जोडले, मधोमध जाड लोखंडी स्क्रू बसवला आणि त्यावर गोल बैठक. डावीकडे फिरवली की मी वर जाते, उजवीकडे फिरवली की खाली. माझं सगळं काम एवढंच. उंचाला खाली आणायचं, बुटक्याला वर न्यायचं आणि सगळ्यांचे डोळे एका रेषेत ठेवायचे. एकदा सकाळी एका कचेरीचे बडे साहेब बसून गेले आणि दुपारी त्यांचाच शिपाई आला. फोटोत दोघांचे डोळे अगदी एका उंचीवर. साहेबांनी ते दोन फोटो शेजारी-शेजारी वाळत पडलेले पाहिले आणि आपले उचलून जरा लांब ठेवले.

अशी माणसं मी खूप पाहिली. माझ्यावर टेकलं की माणूस आधी पोट आत घेतो. छातीपर्यंतच्या फोटोत पोट येत नाही हे ठाऊक असतं, तरी घेतो. प्रत्येकाचा एक गाल लाडका असतो आणि एक सावत्र. लाडका गाल नकळत पुढे येतो. म्हातारे गृहस्थ फोटो हातात घेऊन म्हणतात, "हा मी नव्हे, हे आमचे वडील." तरुण मुलं म्हणतात, "काका, जरा बरा नाही का येणार?" आणि काका म्हणतात, "आहेस तसा आलायस. पण थांब, बघतो काहीतरी."

हे "बघतो काहीतरी" म्हणजे त्या घराण्याची विद्या. थोरले भिंगाखाली निगेटिव्ह धरून बारीक टोकाच्या पेन्सिलीने चेहऱ्यावरचे डाग घालवत. काका तेच काम संगणकावर करतात. मुरुम, देवीचे वण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कपाळावरची जुनी खोक. सगळं पुसून चेहरा धुतलेल्या बशीसारखा लख्ख. कुणी सांगायची गरज नाही आणि त्याचे वेगळे पैसे नाहीत. "माझ्या दुकानातून डाग घेऊन कुणी बाहेर पडत नाही," हे काकांचं ठरलेलं वाक्य. लोक खूश होऊन जात. डाग कुठे गेला, असं कुणी विचारायला परत आलं नव्हतं.

एकट्या काकूंना ही विद्या फारशी मान्य नव्हती. काकू म्हणजे काकांच्या बायको. काउंटर, कात्री आणि केरसुणी ही त्यांची तीन खाती. थोरले गेल्यावर काकांनी त्यांचा मोठा फोटो करून भिंतीवर लावला, तेव्हा काकू कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"कोण हे गृहस्थ?"

"कोण म्हणजे? बाबा."

"माझ्या सासऱ्यांच्या नाकावर चांगली चण्याएवढी चामखीळ होती."

"ती काढली. लोक बघणार, तर चांगलं बघू देत."

"लोकांनी त्यांना जन्मभर चामखिळीसकट बघितलंय. कुणाला काही झालं नाही."

फोटो तसाच राहिला आणि काकूंनी त्याला नाव ठेवलं, 'पाहुणे'. रोज सकाळी केर काढताना त्या म्हणायच्या, "पाहुणे, जरा पाय वर घ्या."

तसे काका वाईट नव्हते. मुलांचे तर ते आवडते. कुठलंही मूल माझ्यावर चढलं की आधी एक गिरकी घेणार. घेऊ देत. मग चेहरा लांबट करून, श्वास धरून बसणार. तेव्हा काका कॅमेऱ्यामागून एकदम ओरडायचे, "ए माकडा! शेपूट आत घे, फोटोत येतेय!" मूल दचकून मागे बघायचं, शेपूट नाही हे बघून खदखदून हसायचं आणि त्याच क्षणी काका बटण दाबायचे. आजूबाजूच्या आळीतली मुलं फोटो काढायला म्हणून येत नसत, शेपटीचं ऐकायला येत. दुसऱ्यांदा आलेली मुलं जरा पुढे सरकून, पाठ ताठ करून बसतात. वर बसलेल्याचं वजन कुठे पडतंय ते मला कळतं, म्हणून सांगते. ती शेपटीची वाट बघत असतात.

आमच्या दाराला काच आहे आणि समोर बसचा शेवटचा थांबा. बस तिथे वळते, थोडा वेळ दम खाते आणि परत जाते. एका दुपारी त्या थांब्यावरून एक आई आणि तिची मुलगी रस्ता ओलांडून आल्या. मुलीला आई ठकू म्हणत होती. वय शाळेत एकटीने जावंसं वाटण्याचं. ठकूच्या उजव्या गालावर, डोळ्याच्या कडेपासून पार हनुवटीपर्यंत, गडद वांगी रंगाची जन्मखूण होती. कुणी हात रंगात बुडवून गालावर ठेवावा, तशी. आई तिच्या उजव्या बाजूने चालत होती. रस्ता ओलांडताना, दारातून येताना, काउंटरशी उभं राहताना, प्रत्येक वेळी बरोबर उजवीकडेच. छत्रीची सवय झालेला माणूस उन्हातही हात वर धरतो, तसं ते झालं होतं.

माझ्यावर तेव्हा एक मुलगा बसलेला होता, समोरचा दात पडलेला. काका ओरडले, "ए माकडा! शेपूट आत घे! आणि दात कुठे ठेवलास, खिशात?" मुलगा हसला. ठकूही हसली.

"पासासाठी फोटो हवाय," आई काकूंना म्हणाली. "शाळेला जायला बसचा पास. आता एकटी जाणार म्हणते."

"म्हणते नाही, जाणार," ठकू म्हणाली. "तू कबूल केलंयस."

"केलंय गं. पण एकदा जरी काही गडबड झाली, तर पुन्हा मी सोबत येणार. तेही कबूल केलंयस तू."

"हो, केलंय."

"दोघींचा करार पक्का दिसतोय," काकू म्हणाल्या.

मुलगा उतरला, ठकू चढली. गिरकी घेतली. मग पुढे सरकली, पाठ ताठ केली. आईने तिचे केस पुढे ओढून गालावर घेतले. ठकूने मागे सारले. "डोळ्यात जातात, आई."

"जरा डाव्या बाजूने काढता येईल का हो?" आईने हळूच विचारलं.

"पासाला समोरूनच लागतो, ताई," काका म्हणाले. मग ते कॅमेऱ्यामागे गेले आणि त्यांचा आवाज बदलला. आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसा झाला. "बस हं बाळा. छान. घाबरायचं नाही. झालं हं."

क्लिक.

शेपूट नाही, माकड नाही. दात कुठे ठेवलेस, हेही नाही. ठकू थोडी मागे सरकली. फार नाही. कुणाला दिसलं नसेल. मला कळलं, कारण मी खाली होते.

संध्याकाळी काका संगणकापुढे बसले. एरवी पाव मिनिटात चेहरा पुसून मोकळे होणारे काका त्या फोटोवर बराच वेळ खपले. डाव्या गालाचा रंग उचलून उजव्यावर, मग सावली, मग सावलीची कड. कारागिरी म्हणून बघाल तर नाव ठेवायला जागा नव्हती. काकू मागे येऊन उभ्या राहिल्या.

"तिला विचारलंत?"

"काय विचारायचं? तुझा डाग काढू का, असं मुलीला तोंडावर विचारू?"

"तोंडावर विचारायला लाज वाटते, आणि तोंड बदलायला वाटत नाही?"

"तू कात्री चालव," काका म्हणाले. त्यांच्या मते ते पुण्य करत होते. पुण्य करणाऱ्या माणसाला मधे बोललेलं खपत नाही, हे मी बऱ्याच जणांच्या बाबतीत पाहिलंय.

फोटो न्यायला दोघी आल्या. आईने पाकीट उघडलं. फोटोतल्या गालावरून तिने अंगठा फिरवला, खरा गाल असावा तसा. "किती छान केलंत हो," ती म्हणाली. "ह्याची एक मोठी प्रत करून द्याल?"

ठकू टाचा उंच करून बघत होती. "ही कोण?"

"तूच गं वेडे."

माझ्या समोरच्या भिंतीवर केस विंचरायला एक आरसा आहे. ठकूने त्यात बघितलं, मग फोटोत, मग पुन्हा आरशात. मग ती गप्प बसली. मुलं गप्प बसली की मोठ्यांना वाटतं, त्यांना पटलं.

आता पुढचं. सकाळची वेळ, काकू केर काढत होत्या म्हणून दार उघडं होतं. समोर बस दम खात उभी. शाळेची मुलं आत जाऊन बसली होती. ठकू आली. नवा पास हातात, आणि उजव्या बाजूला कुणी नाही. आई कोपऱ्यापर्यंत आलेली मी पाहिली. तिथून ती परत वळली. कबूल केलं होतं तिने.

कंडक्टर नवा होता. नवा, म्हणजे नियम ताजे पाठ. त्याने पास घेतला, फोटो बघितला, ठकूकडे बघितलं.

"हा कुणाचा पास?"

"माझा."

"बहिणीचा असेल."

"मला बहीण नाही."

"मग मैत्रिणीचा. हे बघ, बाळ, मला रोज कुणी ना कुणी गंडवायला बघतं. घरून कुणाला तरी घेऊन ये."

खिडकीतून एका मुलाने डबा सांभाळत मान बाहेर काढली. "बघू, बघू. नाही हो, ही नाहीये ती. फोटोतली छान आहे."

त्याच्या मनात काही नव्हतं. दोन गोष्टी दाखवल्या, त्याने निवाडा दिला. पण बसमधली मुलं खिडक्यांशी गोळा झाली आणि सगळी एकदा पासाकडे, एकदा ठकूकडे बघायला लागली. एखादी रडली असती. ठकूने कंडक्टरच्या हातातून पास ओढून घेतला आणि तरातरा रस्ता ओलांडून आमच्या दारात आली. कंडक्टर मागोमाग धावला. "अगं ए! रस्ता बघ! आणि पास कुठे नेतेस?"

ठकूने पास काउंटरवर ठेवला. "काका, ह्यांना सांगा, ही मी आहे म्हणून."

कंडक्टरने धाप टाकली. "फोटो तुमच्याकडे काढलाय म्हणते. काय हो, हीच का ती?"

काकांनी पासाकडे बघितलं. हो म्हणावं, तर कंडक्टरचे डोळे शाबूत होते. नाही म्हणावं, तर मुलगी लबाड ठरत होती. काकूंची केरसुणी थांबली. बाहेर बसच्या खिडक्या भरलेल्या.

"मुलगी खरी आहे," काका शेवटी म्हणाले. "फोटो खोटा आहे. मी त्यात हात घातलाय."

"म्हणजे?"

"गालावरचं काढलं."

"तिने सांगितलं होतं?"

"नाही."

"हिच्या आईने?"

"नाही."

"मग कशाला?"

"चांगलं दिसावं म्हणून."

कंडक्टर खरोखरच बुचकळ्यात पडला. "अहो, पासावरचा फोटो चांगला दिसायला नसतो, ओळखायला असतो! इतकी ठळक खूण असलेली मुलगी मी जन्मात विसरणार नाही. आणि तुम्ही नेमकी तीच पुसलीत?"

त्याने खूण हा शब्द सरळ, मोठ्याने उच्चारला. काका-काकूंनी दचकून ठकूकडे बघितलं. ठकूला मात्र काहीच झालं नाही. उलट तिने जोरात मान हलवली. "तेच तर!"

मग तिचा आवाज खाली आला. "आता आई म्हणणार, बघ, झाली ना गडबड. आणि रोज येणार माझ्याबरोबर. मोठी होईपर्यंत."

समोरून ड्रायव्हरने हॉर्न दिला.

"तू बस," काका ठकूला म्हणाले. "आत्ता काढतो. आत्ताच्या आत्ता."

ठकू माझ्यावर बसली. गिरकी घेतली नाही. मागेच बसली, माझ्या मागच्या कडेशी. काका कॅमेऱ्यामागे गेले आणि पुन्हा तोच आजाऱ्याच्या खोलीतला आवाज. "बस हं बाळा. घाबरायचं नाही."

"मी नाही घाबरत," ठकू म्हणाली. "तुम्ही घाबरता."

काकांनी कॅमेऱ्यावरून मान वर केली.

"त्या दिवशी त्या दात पडलेल्या मुलाला तुम्ही माकडा म्हणालात. शेपूट विचारलीत. मला नुसतं बाळा, बाळा. मला का नाही विचारलीत?"

मित्रांनो, काकांनी आजूबाजूच्या सगळ्या माणसांचे, त्यांच्या मुलांचे आणि मुलांच्या मुलांचेही फोटो काढले होते. चेहऱ्याबद्दल त्यांना कुणी काही शिकवावं अशी वेळ आली नव्हती. ते उभे राहिले आणि मधे कॅमेरा न ठेवता त्यांनी ठकूकडे बघितलं. पहिल्यांदाच. डोळे, नाक, खूण, हनुवटी, सगळं एका दमात.

"विचारतो," ते म्हणाले. "शेपूट कुठाय?"

"असं नाही."

"मग कसं?"

"त्याला जोरात विचारलंत."

हॉर्न पुन्हा वाजला. काकांनी घसा खाकरला आणि असे ओरडले की कंडक्टरने तिकिटांची पिशवी छातीशी धरली. "ए माकडे! शेपूट आत घे! दारापर्यंत गेलीय, बसखाली येईल!"

ठकूला आधीपासून माहीत होतं, तरी तिने मागे वळून बघितलं. मग हसली. हसताना गाल वर गेला आणि गालाबरोबर खूणही वर गेली, डोळ्याच्या कडेला दुमडली. क्लिक.

"हसलेला चालतो का पण?" कंडक्टरने स्वतःलाच विचारलं आणि स्वतःच निकाल दिला. "चालवतो. ऑफिसातून पास बदलून घ्यायचा, समजलं? तोवर हा फोटो दाखव, मी चढवतो."

यंत्रातून गरम गरम फोटो आला. काकूंनी कधी नव्हे तो घाईत कापला, एक कड जरा तिरकी गेली. ठकू फोटो घेऊन पळाली. बसच्या दारात तो डबेवाला मुलगा उभा होता.

"दुखतं का गं ते?" त्याने विचारलं.

"नाही. तुझं नाक दुखतं का?"

"नाही."

"मग झालं तर."

मुलाने आपलं नाक चाचपून बघितलं. बस सुटली. काकूंनी काकांना एक शब्द ऐकवला नाही. नुसत्या एकाच जागेचा केर पुन्हा पुन्हा काढत राहिल्या. ते जास्त लागतं.

शाळा सुटायच्या वेळेला आई आली. तिला कुणाकडून तरी कळलं होतं. "तो फोटो का बदललात?" ती आल्या आल्या म्हणाली. "चांगला होता की."

"ताई, तो तिचा नव्हता."

"मला माहीत नाही का?" ती माझ्यावर बसली. तिला बसायचं नव्हतं, पण पाय दमले असावेत. दिसायला सडपातळ होती, वजन मात्र भारी पडलं. "पर्समध्ये ठेवलाय मी. कुणी मुलं किती, कशी, विचारलं की तो दाखवते. लोक गोड म्हणतात आणि पुढचं काही विचारत नाहीत."

"आणि ती बरोबर असते तेव्हा?" काकूंनी विचारलं.

आईने पर्स जवळ ओढली. "तेव्हा मी बाजूला असते ना."

समोर बस येऊन वळली. ठकू उतरली, एकटी, आणि दप्तर उडवत थेट आमच्याकडे. "आई! तू कशाला आलीस? मी आले ना एकटी! कंडक्टरने फोटो मागितलाही नाही. लांबूनच म्हणाला, चढ गं, ओळखलं."

आईने तिच्याकडे बघितलं आणि पुढे होऊन तिला जवळ घेतलं. काकू म्हणाल्या, "आलाच आहात, तर दोघींचा एक होऊन जाऊ दे. माझ्याकडून."

ठकू माझ्यावर बसली, आई शेजारी उभी राहिली. कुठे, ते तुम्ही ओळखलं असेल. उजवीकडे, आणि थोडी पुढे. कॅमेऱ्यातून काका बघत राहिले.

"ताई, तुम्ही तिच्यापुढे येताय."

आई जराशी सरकली.

"अजून येताय. तुम्ही पलीकडे या बघू. डावीकडे."

आई तिच्या मागून फिरून डाव्या बाजूला आली. तिचा एक हात नुसताच लोंबत राहिला. इतकी वर्षं त्या हाताला काम होतं, आता काय करावं त्याला कळेना. शेवटी तिने तो ठकूच्या खांद्यावर ठेवला. आणि ओठ घट्ट मिटून, श्वास धरून, माझ्यावर बसणाऱ्या सगळ्या माणसांसारखी लाकूड होऊन उभी राहिली.

"आई," ठकू म्हणाली, "शेपूट आत घे."

तो फोटो चांगला आला. डोळे एका रेषेत नाहीत, दोघी दोन दिशांना वाकून हसताहेत, नियमाने बघाल तर वाया गेलेला. पण आईने तोच नेला. पर्समधला जुना तिने फेकला का, ते मला सांगता यायचं नाही. मी तिपाई, मला पर्सच्या आतलं दिसत नाही. त्या जुन्याची मोठी प्रत न्यायला मात्र ती आली नाही. ती प्रत काउंटरच्या खणात पडून राहिली आणि एक दिवस काकूंनी तिच्या पाठीवर किराण्याची यादी केली.

काही दिवसांनी काकांनी भिंतीवरचे पाहुणे खाली उतरवले. थोरल्यांची जुनी निगेटिव्ह शोधायला माळा उलटापालटा केला. नवा फोटो लागला तेव्हा काकूंनी जवळ जाऊन नाक बघितलं, चामखीळ जागेवर होती. "आलात का मामंजी?" त्या म्हणाल्या आणि डोक्यावरचा पदर नीट केला. त्या दिवसापासून काका प्रत्येकाला आधी विचारतात, "काही काढायचंय, की असू दे?" बहुतेक लोक काढा म्हणतात. जग काही एका दिवसात सुधारलं नाही, आणि मी तसं सांगणारही नाही. पण कुणी कुणी जरा विचार करून म्हणतं, "असू दे." तेव्हा काका खुशीत दिसतात.

पुढे माझे दिवस फिरले. ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल आला, फोटो घरच्या घरी निघायला लागले. दुकानात झेरॉक्सचं यंत्र आलं आणि मी कोपऱ्यात गेले. माझ्यावर कागदांचे गठ्ठे, त्यावर पाण्याची बाटली. स्क्रूला गंज चढला. गठ्ठे शेपटीचं ऐकून हसत नाहीत. पोटही आत घेत नाहीत. त्यांच्यात बघण्यासारखं काही नसतं.

मग परवा एक उंच मुलगी आली. नोकरीच्या अर्जासाठी फोटो हवा म्हणाली. काका आता थकलेत, चष्मा कपाळावर आणि शोध काउंटरवर चाललेला. मुलीने इकडेतिकडे बघितलं, कोपऱ्यात आली, गठ्ठे उचलून खाली ठेवले आणि माझ्यावर बसून एक गिरकी घेतली. माझा स्क्रू असा किंचाळला की काकू आतून बाहेर आल्या.

"काका," ती मुलगी म्हणाली, "शेपूट दिसतेय का?"

काकांनी मान वर केली. चष्मा कपाळावरच होता. त्यांना आता दोन हातांवरचं नीट दिसत नाही. पण खूण दिसली.

"माकडे," ते म्हणाले, "केवढी झालीस!"

मित्रांनो, उपदेश करायचा माझा स्वभाव नाही. सांगते ते इतक्या वर्षांच्या बघण्यातून सांगते. तुमच्या वर्गात, बसमध्ये किंवा आळीत एखादं मूल वेगळं दिसणारं असेल, तर त्याच्याशी आजाऱ्याच्या खोलीतल्या आवाजात बोलू नका. त्याला नाव विचारा, खेळायला घ्या आणि त्याच्यावर राज्य आलं तर सोडू नका. चेष्टाही करा, पण त्याच्या चेहऱ्याची नाही. शेपटीची करा. शेपूट कुणालाच नसते, म्हणून ती सगळ्यांना सारखी लागू पडते.

आणि कधी एखाद्या जुन्या फिरत्या तिपाईवर बसलात, तर उठताना तिच्या स्क्रूला तेलाचा एक थेंब सोडा. अजून कुणी बुटकं आलं, तर त्याला वर न्यायचं आहे मला.